प्रवरेच्या काठची दगडी कुऱ्हाड

आपल्या घरातले दगड एकदा मोजून पाहा. जाते आहे. पाटा आहे, वरवंटा आहे. कोणाच्या परसात उखळ असेल. चुलीला तीन दगड. कोयत्याला धार लावायचा एक दगड दाराशी पडलेला असतो. आता गावात पिठाची गिरणी आली, घरात गॅस आला, मिक्सर आला. तरी पाटा कोणी उकिरड्यावर टाकलेला नाही. जात्याला टाकी लावणारी माणसे पूर्वी दारावर येत, ती आता दिसेनाशी झाली, एवढेच.

दगडाशी माणसाची ही सोयरीक किती जुनी असेल? कोणी म्हणेल, पणजीच्या पणजीपासूनची. कोणी म्हणेल, पांडवांच्या वेळेपासूनची. त्याहूनही ती फार फार जुनी आहे. आणि याचा पुरावा शोधायला परमुलखात जायला नको. आपल्या प्रवरेच्या काठावरच तो सापडला आहे.

प्रवरा आपली घरची नदी. रतनगडावर ती उगम पावते. भंडारदऱ्याच्या धरणात साठते. रंध्याला उडी घेते. अगस्तींच्या आश्रमाशेजारून अकोल्याला येते. मग संगमनेर, आणि खाली खाली जात नेवासे. पुढे टोक्याजवळ प्रवरासंगमाला ती गोदावरीला मिळते.

नेवासे कोणाला माहीत नाही? शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, तिथे माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. ज्या खांबाला टेकून सांगितली तो खांब पाहायला वारकरी जातात. त्याच नेवाशाला पुण्याच्या डेक्कन कॉलेजातली विद्वान मंडळी १९५४ साली आली. डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया हे त्यांचे प्रमुख. बरोबर डॉ. शां. भा. देव आणि डॉ. अन्सारी होते. गावाजवळ लाडमोड नावाची पांढरीची टेकडी आहे. तिथे त्यांनी १९५६ सालापर्यंत खोदकाम केले. वर मराठ्यांच्या आणि मुसलमानी अमदानीतल्या वस्तू मिळाल्या. त्याखाली सातवाहन राजांच्या काळातल्या मिळाल्या. रोम देशाशी तेव्हा व्यापार होता, त्याच्याही खुणा मिळाल्या. त्याखाली साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे लागली. आणि नदीने कापलेल्या दरडीत, या सगळ्याच्याही खाली, दगडाची हत्यारे मिळाली.

खालचे आधीचे

खालचे म्हणजे जुने, हे कशावरून? हे समजायला शाळा लागत नाही. आपला उकिरडाच पाहा ना. दिवाळीचा केर खाली असतो, त्यावर संक्रांतीचा, त्यावर शिमग्याचा. कोणी मध्ये खणून उलथापालथ केली नसेल तर हा क्रम मोडत नाही. नदीच्या काठाचेही तसेच. नेवाशाच्या दरडीत सर्वांत खाली मोठ्या गोट्यांचा थर आहे. तो सिमेंटासारखा घट्ट झालेला आहे. त्यावर गाळमातीचा थर. मग पुन्हा बारीक खड्यांचा थर. मग पुन्हा गाळ. आणि वर आपली काळी जमीन. खालच्या गोट्यांत मोठी, जाड हत्यारे मिळाली. वरच्या खड्यांत लहान, पातळ हत्यारे मिळाली. ही दोन्ही एका काळातली नव्हेत, हे थरांनीच सांगितले.

आता वर्षांचा हिशेब. लाख वर्षे म्हटले की डोके फिरते. म्हणून आपण एक दोर धरू. एक हात दोर म्हणजे एक हजार वर्षे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. तो या दोरावर आठ-नऊ बोटांवर येतो, पुरती एक वीतही नाही. ज्ञानेश्वरी पाऊण हातावर. नेवाशाचे ते पहिले शेतकरी साडेतीन हातांवर. हा दोर आपण हातात ठेवू. पुढे तो पुष्कळ सोडावा लागणार आहे.

दगड की हत्यार?

सुताराने तासलेले लाकूड आणि वाऱ्याने मोडलेली फांदी यांत फरक कळतो की नाही? तसाच इथे कळतो.

एक घट्ट गोटा डाव्या हातात धरला. उजव्या हातात दुसरा गोटा घेतला, हातोड्यासारखा. पहिल्याच्या कडेवर नेमका, तिरपा घाव घातला. एक छिलका सुटतो. त्या छिलक्याच्या पोटाला, जिथे घाव बसला तिथे, छोटासा उंचवटा राहतो. मूळ गोट्यावर तेवढीच खळगी पडते. (कोणी करून पाहणार असेल त्याने डोळे सांभाळावेत. कपची काचेसारखी उडते.) डोंगरावरून गडगडत आलेल्या दगडाचीही एखादी कपची उडते. पण ती कुठेही उडते. हत्याराचे छिलके मात्र ओळीने काढलेले असतात. आधी या बाजूने, मग उलटून त्या बाजूने, आणि सगळ्या घावांचा रोख एकाच धारेकडे. गडगडणारा दगड काही हिशेब करीत नाही.

अशा रीतीने केलेली सर्वांत ठळक वस्तू म्हणजे हातकुऱ्हाड. नाव कुऱ्हाड, पण तिला दांडा नाही. आकार पिंपळाच्या जाड पानासारखा किंवा बदामासारखा. एकीकडे टोक, दुसरीकडे मुठीत धरायचा जाड भाग, दोन्ही अंगांनी धार. तिच्याबरोबर आडव्या धारेची फरशीही मिळते. जनावर सोलायचे, हाड फोडायचे, कंद उकरायचे, लाकूड तासायचे, सगळे हिनेच. नेवाशाजवळ चिरकी नावाचा नाला प्रवरेला मिळतो. तिथे गुद्रुन कोर्विनस या जर्मन विदुषींनी १९६६ ते १९६९ या काळात खोदकाम केले. त्यांना अशी शेकडो हत्यारे एका जागी मिळाली. दगड कोणता? आपलाच, सह्याद्रीचा काळा पाषाण.

अशा हातकुऱ्हाडी आपल्या देशात किती जुन्या आहेत? तामिळनाडूत चेन्नईजवळ अत्तिरंपक्कम नावाचे गाव आहे. तिथल्या हत्यारांचे वय शास्त्रज्ञांनी सुमारे १५ लाख वर्षे काढले आणि ते २०११ साली प्रसिद्ध केले. आपल्या दोराने मोजा. दीड हजार हात. अकोल्याच्या बाजारतळावर एक टोक धरले तर दुसरे पाऊण किलोमीटरच्या जवळ जाईल. आफ्रिकेत केनिया देशात तर ३३ लाख वर्षांपूर्वीचे फोडलेले दगड मिळाले आहेत.

ती माणसे कोण होती?

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या पहिल्या कुऱ्हाडी ज्यांनी घडवल्या ते आपल्यासारखे मानव नव्हते. दोन पायांवर चालत होते, हाताने काम करीत होते, टोळीने राहत होते. पण त्यांचे कपाळ मागे उतरते होते. भुवईचे हाड पुढे आलेले होते. मेंदूही आपल्यापेक्षा लहान होता. आपल्या देशात अशा जुन्या माणसाची कवटी एकदाच मिळाली. मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी हथनोरा गावाजवळ, १९८२ साली. भूगर्भ खात्यातले अरुण सोनकिया यांना ती सापडली. अख्खी नव्हे, कवटीची उजवी बाजू. आपल्या नदीकाठी माणसाचे एवढे जुने हाड मिळालेले नाही. हत्यारे मिळाली, आणि रानबैलाची दगड झालेली हाडे मिळाली.

त्या जुन्या माणसांची एक गंमत आहे. त्यांची हातकुऱ्हाड दहा लाखांहून जास्त वर्षे जवळजवळ तशीच राहिली. थोडी सुबक झाली, पातळ झाली, पण घाट तोच. हजार हात दोर सोडला तरी नवे काही नाही! आज आपल्या हातातला मोबाइल दोन वर्षांत जुना होतो. म्हणून कोणी त्यांना मंद म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. ओबडधोबड गोट्यात पुढची कुऱ्हाड आधी मनात पाहायची, आणि मग पन्नास घावांत ती बाहेर काढायची, हे सोपे काम नव्हे. आणि ते पोराला शिकवायचे. पाटी नाही, पुस्तक नाही. बाप घाव घालतो आहे, पोर बघते आहे. पोराचा दगड चुकून फुटतो. बाप दुसरा देतो. अक्षर यायच्या आधी लाखो वर्षे माणूस शिकत होता आणि शिकवत होता.

नेवाशाचे नाव पुस्तकात गेले

आता नेवाशाच्या वरच्या थराकडे या. बारीक खड्यांच्या या थरात काळ्या पाषाणाची मोठी कुऱ्हाड नाही. इथे गारेसारखा, अकिकासारखा, चिकट पोताचा दगड वापरलेला दिसतो. तांबडा, पिवळा, दुधी. आपल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत असले दगड सापडतात. पूर्वी म्हाताऱ्यांच्या चंचीत चकमकीचा दगड असे, त्याच जातीचे हे.

दगड का बदलला? काळा पाषाण दाणेदार असतो. त्याची धार भरड निघते. अकीक काचेसारखा फुटतो. त्याची कपची बोटाला लागली तर रक्त येते. पण अकिकाचे मोठे धोंडे मिळत नाहीत, खडे मिळतात. तेव्हा हत्यार लहान करणे आले. मग गोट्याचे हत्यार करायचे सोडून माणूस छिलक्याचे हत्यार करू लागला. पूर्वी छिलके म्हणजे भुगा होता. आता भुगा हाच माल झाला. त्यासाठी आधी गोट्याचे अंग चहूबाजूंनी तासून तयार करायचे, आणि शेवटच्या एका घावात हवा तसा छिलका पाडायचा. मग त्या छिलक्याला बारीक टोचे देऊन कामाजोगी धार काढायची.

अशा छिलक्यांतून तासणी झाली. चांभाराची रापी पाहिली आहे ना? कातडे खरवडायचे तेच काम. टोचणी झाली, म्हणजे आरीची आजी. भाल्याला लावायची टोके झाली. एका कुऱ्हाडीची सगळी कामे आता वेगवेगळ्या हत्यारांना वाटून दिली. सुताराच्या पेटीत पटाशी वेगळी, रंधा वेगळा, सामता वेगळा असतो, त्याची ही सुरुवात. डॉ. सांकलियांनी या प्रकारच्या हत्यारांना नेवाशाचेच नाव दिले, आणि देशभरच्या पंडितांच्या लिखाणात ते नाव चालू लागले.

मग हत्यार बदलले तेव्हा माणूसही बदलला का? पूर्वी विद्वानांना तसे वाटे. पण अत्तिरंपक्कमला ही छिलक्याची तऱ्हा सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वी सुरू झाली, असे २०१८ साली जाहीर झाले. तेव्हा तर आपल्यासारखा मानव भारतात आलेलाच नव्हता. कुऱ्हाड पाहून तिचा मालक ओळखता येत नाही, तसेच हे.

आपण आलो कुठून?

आता आपल्यासारख्या माणसाकडे वळू. उंच कपाळ, पुढे आलेली हनुवटी, गोल डोके. शास्त्रात त्याला आधुनिक मानव म्हणतात. आधुनिक म्हणजे पँट घालणारा नव्हे बरे का! देहाने आणि बुद्धीने जो तुमच्या-माझ्यासारखा, तो आधुनिक.

या मानवाची सर्वांत जुनी हाडे आफ्रिका खंडात मिळाली. तिकडे मोरोक्को देशातल्या एका जागेची हाडे सुमारे ३ लाख वर्षांची ठरली. ही बातमी २०१७ सालची. आपल्या दोरावर तीनशे हात.

हाडांशिवाय दुसरीही एक साक्ष आहे. पूर्वी भाट येऊन घराण्याची वंशावळ वाचीत असे. तसे एक बाड प्रत्येकाच्या अंगात आहे. रक्ताच्या थेंबात, केसाच्या मुळाशी, थुंकीत. डोळ्यांना दिसत नाही, पण यंत्राने वाचता येते. त्याला डी.एन.ए. म्हणतात. आईबापांकडून ते मुलाकडे येते. येताना त्यात कुठे एखादे अक्षर बदलते. साऱ्या जगातल्या माणसांची ही बाडे वाचून पाहिली तेव्हा दिसले, की सर्वांत जास्त वेगवेगळेपणा आफ्रिकेतल्या लोकांत आहे.

त्याचा अर्थ काय? भाताचे उदाहरण घेऊ. आपल्या डोंगरपट्ट्यात काळभात आहे, जिरवेल आहे, आंबेमोहोर आहे, आणखी किती वाण. समजा, इथल्या एकाने मूठभर बियाणे घेतले आणि लांबच्या गावी जाऊन पेरले. तिकडे मुठीत आलेले दोन-तीन वाणच वाढतील. बाकीचे इथेच राहिले. पुढे शंभर वर्षांनी कोणी दोन्ही गावे पाहिली, तर बियाणे कुठून कुठे गेले हे त्याला सांगता येईल. जिथे प्रकार जास्त, ते मूळ गाव. माणसाचे असेच झाले. आफ्रिका मूळ गाव. तिथून मूठभर माणसे बाहेर पडली. आज आफ्रिकेबाहेर जी माणसे आहेत, ती बहुतेक सगळी सुमारे ६० ते ७० हजार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या त्या मुठीतून वाढली. साठ-सत्तर हात दोर. त्यांच्यातलेच काही आपल्या देशात आले. कोणी काळे, कोणी गोरे झाले ते नंतर, ऊन जास्त की कमी त्याप्रमाणे.

वाटेत त्यांना जुन्या जातीची माणसेही भेटली. युरोपाकडे निअँडरथल नावाची एक मानवजात होती. पुढे ती संपली. पण संपण्याआधी सोयरीक झाली होती. आफ्रिकेबाहेरच्या प्रत्येकाच्या बाडात शंभरातला एक-दोन भाग त्यांचा आहे, तुमच्या-माझ्याही. हे शोधणारे शास्त्रज्ञ स्वांते पेबो यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

शहामृगाच्या अंड्याचे मणी

चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीचे देऊळ आहे. त्या भागातल्या पाटणे गावी डॉ. साळी यांनी १९७२-७३ साली खोदकाम केले. मला विचाराल तर महाराष्ट्रात सापडलेल्या जुन्या वस्तूंत सर्वांत नवलाची वस्तू तिथली. ती वस्तू म्हणजे शहामृगाच्या अंड्याची टरफले!

शहामृग हा पक्षी आज आपल्याकडे रानात कुठे नाही. त्या काळी हवा कोरडी होती, माळराने होती, तेव्हा तो इकडे होता. अंडे केवढे? माणसाच्या दोन्ही ओंजळीत मावेल एवढे. टरफल बशीसारखे जाड. पाटण्याच्या माणसाने त्याचे तुकडे केले. तुकडा घासून गोल केला. मधोमध भोक पाडले. मणी झाला. एका टरफलावर तर आडव्या-उभ्या रेघांची नक्षी कोरलेली मिळाली. त्याचे वय सुमारे २५ हजार वर्षे. पंचवीस हात.

मण्याने शिकार होत नाही. मण्याने पोट भरत नाही. तरी कोणी तरी बसून, बारीक टोचणीने, टरफल फुटू न देता भोक पाडले. कोणासाठी? स्वतःसाठी, बायकोसाठी, की लेकीसाठी? मणी घातलेला माणूस दुसऱ्याला काही सांगत असतो. मी अमक्या टोळीचा आहे, माझे लग्न झाले आहे, मी मोठा आहे. आपल्याकडे काळे मणी काय सांगतात, ते कोणाला समजावून द्यावे लागते का?

ज्या टोचणीने ही भोके पडत, ती पात्यांच्या काळातली. आता दगडाची कारागिरी फार पुढे गेली होती. गोट्याचे आधी उभे, वाटोळे खांड करायचे. मग त्याच्या कडेने लांब, अरुंद, समांतर धारांची पाती एकामागून एक सोलायची. कांद्याचे पापुद्रे काढावेत तशी. काटकसर बघा. पूर्वी मुठीएवढ्या दगडातून एक कुऱ्हाड निघे, आणि तिला वीतभर धार. आता तेवढ्याच दगडातून वीस-पंचवीस पाती निघू लागली. सगळ्यांची धार जोडली तर कितीतरी हात भरेल.

पुढे पाती आणखी लहान झाली. नखाएवढी, बोटाच्या पेराएवढी. कोणी चंद्रकोरीसारखी, कोणी त्रिकोणी. नुसती हातात धरायची म्हटले तर धरता येत नाहीत. ती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीने बसवायची, आणि डिंकाने, राळेने चिकटवायची. झाली करवत. झाला विळा. बाणाला लावली की झाला बाण. एक दात पडला तर सगळे हत्यार टाकायला नको, तेवढा दात बदलायचा. नांगराचा फाळ झिजला म्हणून कोणी नांगर मोडीत काढतो का? ही अक्कल तेव्हाची.

तांबे आले, दगड राहिला

संगमनेर तालुक्यात जोर्वे गाव आहे. प्रवरेकाठचेच. तिथे १९५०-५१ साली खोदकाम झाले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. तांबड्या रंगाची, काळ्या नक्षीची सुरेख भांडी मिळाली. महाराष्ट्रात जिथे जिथे तशी भांडी मिळाली, तिथे तिथे पंडित त्यांना जोर्वे भांडी म्हणतात. जोर्व्याला तांब्याच्या कुऱ्हाडीही मिळाल्या. म्हणजे आता धातू आला होता.

तरी दगड सुटला नाही. नेवाशाला आणि शिरूर तालुक्यातल्या इनामगावला त्या काळातली दगडी पाती ढिगाने मिळाली. कारण उघड आहे. तांबे लांबून आणावे लागे, ते महाग. दगड नदीत फुकट. जव, गहू कापायचा तो दगडी पात्यांच्या विळ्याने. गवत आणि पिकाची ताटे कापून कापून अशा पात्याच्या धारेला एक चमक चढते. तीवरून ते विळ्याचे पाते होते हे आजही ओळखता येते. तांबे किती मोलाचे होते, ते नेवाशाच्या एका पोरावरून कळते. त्या काळी मूल गेले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून, त्यात ठेवून, घराच्या जमिनीखाली पुरीत. अशा एका पोराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तिचा दोरा गंजाबरोबर टिकून राहिला होता. तपासला तर तो रेशमाचा आणि कापसाचा निघाला. आईबापांनी घरातली महागाची वस्तू पोराबरोबर दिली.

लोखंड आले तेव्हा मात्र दगडाच्या धारेचे राज्य संपले. दळायला, वाटायला तेवढा तो राहिला.

आदिवासी म्हणजे आदिमानव नव्हे

आपला तालुका ठाकर, महादेव कोळी मंडळींचा. एका गावच्या बाजारात एक शिकलेला गृहस्थ माझ्यादेखत म्हणाला, ‘ही डोंगरातली माणसं म्हणजे अजून दगडाच्या युगातली.’ ऐकणारे हसले. मला राग आला. पण रागाने उत्तर होत नाही. हिशेबाने होते.

वर आपण दोर मोजला. आधुनिक मानवाचे तीनशे हात. हा दोर ठाकराचा तेवढाच लांब, मराठ्याचा तेवढाच, महाराचा तेवढाच, ब्राह्मणाचा तेवढाच, लंडनच्या साहेबाचाही तेवढाच. कोणी त्यात मागे राहिला आणि कोणी पुढे गेला असे नाही. डोंगरात राहणाऱ्याने डोंगराची विद्या वाढवली. कोणता कंद विषारी, कोणत्या पाल्याने रक्त थांबते, पाऊस कधी येणार, ही विद्याच आहे. दगडी हत्यारे करणारे आपल्या सगळ्यांचेच पूर्वज होते.

आणखी ऐका. हैदराबादला पेशींचा अभ्यास करणारी मोठी सरकारी संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांबरोबर भारतातल्या पुष्कळ जातीजमातींची बाडे वाचली. त्यांनी २०१३ साली सांगितले, की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत इथले लोक एकमेकांत भरपूर मिसळले. ती मिसळ भारतभर जवळजवळ प्रत्येक समाजात दिसते, वरच्या म्हणवणाऱ्यांत आणि आदिवासींतही. आपापल्यातच लग्न करायची रीत घट्ट झाली ती त्यानंतर. म्हणजे तीनशे हात दोरातले शेवटचे दोन हात.

दगड सापडला तर

आता कामाचे सांगतो. नदीकाठी, नाल्याच्या दरडीत, विहीर खणताना असा घडवलेला दगड कोणालाही सापडू शकतो. तो दरडीत रुतलेला असेल तर उपटून घरी आणू नका. उपटला की त्याचा थर गेला. आणि थर गेला की वय गेले. मग तो नुसता दगड. जागा लक्षात ठेवा. कोणता ओढा, कोणाच्या शेताची हद्द, जमिनीपासून किती हात खाली, हे लिहून काढा. आता तुम्हाला लिहिता येते. ते कागद शाळेत किंवा तहसील कचेरीत द्या, म्हणजे पुरातत्त्व खात्याला कळवता येईल. सुटा पडलेला दगड उचललात तर तो घासूनपुसून चकचकीत करू नका. त्याच्यावर विळ्याला धार तर मुळीच लावू नका.

वाळूचे मात्र कठीण झाले आहे. यंत्र लावून नदीचे पात्र उपसतात, दरडी पाडतात. एका रात्रीत शंभर ट्रक भरतात. त्या ट्रकांतून वाळूबरोबर खालचे गोटेही जातात. तो थर पुन्हा भरून येत नाही. आपल्या गावच्या हद्दीत असे चालले असेल तर ग्रामसभेत विचारायला हरकत नाही.

नेवाशाची हत्यारे पाहायची असतील तर पुण्याला येरवड्याकडे डेक्कन कॉलेज आहे. तिथे पुरातत्त्वाचे संग्रहालय आहे. दहा-पंधरा जणांनी मिळून जावे. जाण्याआधी पत्र टाकावे, म्हणजे दाखवणारा माणूस भेटतो.